सराव नाही

प्रिय ठके,

आधी आजोबांचं सांगते, म्हणजे पुढचं तू धड वाचशील. बरे आहेत. ऑक्सिजनचं मशीन चालू आहे, नाकात नळी आहे, आणि नळी असूनही तोंड चालू आहे. मी पत्र लिहायला बसले तर म्हणतात कसे, "तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांनी मोर्चा काढलाय. पोरीला वाचायला भिंग पाठव सोबत." मी म्हटलं, मुंग्या निदान न थांबता चालतात, तुमच्यासारख्या दर चार पावलांवर दम खात नाहीत. हसले, आणि मग खोकले. हसले की खोकतात, म्हणून मी त्यांना हल्ली बेतानंच हसवते, औषधासारखं, जेवणानंतर थोडं.

फोन असताना ही म्हातारी पत्र का खरडते, असं तुला वाटेल. अगं, फोनवर तू निसटतेस. "गोळी दिलीस का, सिलिंडर भरून आला का, बरं, ठेवते." मी तोंड उघडेपर्यंत तू फोन ठेवलेला असतोस. पत्राला मध्येच 'ठेवते' म्हणता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण. आणि आपल्या त्या निरोपांच्या रेडिओवर तर हे बोलायची सोयच नाही. समोरच्या घड्याळजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वहिनी, हवेत सोडलेला शब्द सगळ्या जगाचा. घरचं धुणं तिथं वाळत घालायचं नाही." शिवाय त्या टोकाला आता तू असतेस कुठं? त्या रविवारपासून टेकडीवरच्या खोलीत तुझ्या खुर्चीवर दुसराच कुणी बसतो. चांगला आहे हो बिचारा. उत्तरं वेळेवर देतो, नीट देतो. पण इकडे नदी परत चढायला लागलीय, ठके. काल घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसत होत्या, आज दिसत नाहीत. मी खिडकीत बसून लिहितेय, आणि दर ओळीनंतर मान वर करून पाण्याकडे बघतेय, त्यामुळे ओळी वाकड्या झाल्या तर मुंग्यांना दोष देऊ नकोस.

आता तू म्हणशील, आजी, मुद्द्यावर ये. येते. पण माझा मुद्दा म्हणजे आपल्या गल्लीतल्या पोस्टमनसारखा आहे, चार घरी चहा घेतल्याशिवाय पोचत नाही.

त्या पहिल्या पुराची गोष्ट आठवते ना? पूल बंद, वीज बंद, फोनचा टॉवर मुका. तू त्या काठावर, आम्ही या काठावर. तेव्हा आजोबांची फुफ्फुसं अशी थकली नव्हती. आम्ही वरच्या खोलीत बसून पत्ते खेळत होतो, आणि तिकडे तू आम्ही गेलोच असं समजून रडून डोळे सुजवलेस. पाणी ओसरल्यावर तू आलीस, मला मिठी मारलीस आणि मग एवढी भांडलीस, एवढी भांडलीस, जणू आम्ही मुद्दाम फोन उचलला नव्हता. त्या भांडणातूनच हे सगळं निघालं. तू त्या हौशी रेडिओवाल्यांत शिरलीस. आठवडाभर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासायचं आणि रविवारी टेकडीवरच्या पाणीखात्याच्या जुन्या खोलीत जाऊन हवेतले निरोप झेलायचे. आणि एक दिवस तारेचं भेंडोळं, एक बॅटरी आणि तुझा जुना लॅपटॉप घेऊन आमच्या दारात उभी. मला वाटलं, पोरगी इलेक्ट्रिकची कामं करायला लागली की काय.

आपले घड्याळजी रेडिओचे जुने लायसनवाले निघाले, हे तर मला तेव्हाच कळलं. इतकी वर्षं समोर राहत होते, घड्याळं दुरुस्त करत होते. त्यांच्या छपरावर जी तार होती ती मला कपडे वाळत घालायची वाटायची, आणि कपडे कधीच दिसत नाहीत म्हणून मी मनातल्या मनात त्यांच्या बायकोला आळशी म्हणत आले. तर रेडिओ त्यांच्या नावावर, पण त्यांचे हात आता कापतात. बटण दाबायला गेले की शेजारची दोन दाबली जातात. घड्याळांचं काम त्यापायीच सुटलं. आणि माझं काय, चौथीत शाळा सुटली, रेडिओतलं काडीचं कळत नाही, पण बोट स्थिर. म्हणून तू आमची जोडी लावून दिलीस. ते कानाला डबडी लावून आवाज जुळवायचे आणि मी एका बोटानं टाइप करायचे. "वहिनी, बटण दाबायचंय, कणीक मळायची नाही." "भावजी, मळली नाही तर पोळी कशी उठणार?" आजोबा पलंगावरून म्हणायचे, आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला.

मला किती मजा वाटायची ते तुला कधी सांगितलं नाही. मी अक्षरं टाइप करणार, कॉम्प्युटर त्या अक्षरांचा आवाज करणार, सर्दी झालेल्या बेडकांची शाळा भरल्यासारखा. तो आवाज रेडिओ नदीपलीकडे फेकणार, आणि तुझ्याकडचा कॉम्प्युटर बेडकांचं बोलणं ऐकून पुन्हा अक्षरं मांडणार. ना टॉवर, ना फोन, ना वीज, एका गाडीच्या बॅटरीवर! पहिल्या दिवशी मी 'पाणी नाही. सगळे ठीक' असं पाठवलं आणि तुझ्याकडून 'मिळाला' असं उमटलं, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. घड्याळजींनी डबडी काढून मला गप्प केलं, तुमच्या टाळ्या जातील हवेत म्हणाले. खरंच जातात की काय, अशी मी नंतर हात मांडीखाली घालून बसले.

दर रविवारी सकाळी सराव. नियम तूच घालून दिलेला. सरावातल्या प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर 'सराव' लिहायचं आणि शेवटीही 'सराव' लिहायचं, म्हणजे हवेत कान देऊन बसलेला कुणी परका उगाच घाबरून होड्या काढणार नाही. उत्तराला नुसतं वर लिहिलं तरी चालायचं. मला दर वेळी ते दोनदोनदा टाइप करताना कंटाळा यायचा. घड्याळजींनी युक्ती केली. त्यांनी एक साचाच करून ठेवला. उघडला की वर सराव, खाली सराव आयतं तयार, मध्ये मी फक्त मजकूर घालायचा. मग तो शब्द माझ्या डोळ्यांना दिसेनासा झाला. पत्राच्या डोक्यावर आपण 'प्रिय' लिहितो ना, तसं. विजेच्या बिलाबद्दल तक्रार लिहितानाही लोक 'प्रिय महोदय' लिहितात, म्हणून त्या महोदयावर कुणी जीव टाकतं का?

आणि सरावाला संकटंही तूच पुरवायचीस. तुम्हा लोकांची शनिवारी चिठ्ठी यायची, कुठल्या केंद्रानं काय खोटं सांगायचं त्याची. गिरणीजवळच्या मास्तरांकडे आग, पलीकडच्या वाडीतल्या नर्सबाईंकडे कोसळलेला पूल, आमच्याकडे नेहमी पाणी. त्या रविवारच्या चिठ्ठीत आमच्यासाठी होतं : एक काल्पनिक रुग्ण, वृद्ध, ऑक्सिजन संपत आलेला. मी तुला फोनवर विचारलं, काल्पनिक म्हणजे खोटा का गं? तू म्हणालीस, "खोटा नाही आजी. अजून न झालेला." तुझ्या पोटात कुठली भीती बसलीय ते मला तेव्हाच कळलं, पण मी हसण्यावारी नेलं. आजोबांना वाचून दाखवलं तर ते खूश. "बघ, सरकारदरबारी नोंद झाली माझी."

तो रविवार मी तुला माझ्या बाजूनं कधी सांगितलाच नाही. तू ऐकायला थांबलीच नाहीस. आता ऐक.

पाऊस आठवडाभर लागलेला होता, पण बंधारा धरून होता. तुमच्या लोकांनी ठरवलं की उलट बरंच, पावसातच सराव होऊ दे. घड्याळजी छत्री झटकत आले, आवाज जुळवला, आणि मी साचा उघडून तुझ्या काल्पनिक रुग्णाचा निरोप पाठवून दिला. तुझं उत्तर आलं. सगळं कसं घड्याळासारखं. मग आमची पाळी संपली म्हणून मी चहा टाकायला उठले, आणि दिवा गेला. दिवा गेला म्हणजे मशीन गेलं. ते बंद पडतं तेव्हा शिट्टी वाजवतं, तुला ठाऊक आहे ती. मी धावत नळी काढून सिलिंडरला लावली. आजोबा म्हणाले, अगं सावकाश, मी कुठं पळून जातोय. आणि खालून आवाज आला. पाण्याचा नाही, पाणी गुपचूप येतं. आवाज आला तो स्वयंपाकघरात डबे एकमेकांवर आपटल्याचा. जिन्यातून वाकून बघितलं तर आपलं पिठाचं पिंप उंबऱ्यावर येऊन बसलं होतं, बाहेर जायचं की नाही या विचारात. लोक देव पाण्यात घालून बसतात म्हणतात. इथं पाणीच घरात येऊन बसलं होतं.

बंधारा फुटला होता, हे नंतर कळलं. सिलिंडरचा काटा बघितला तर लाल पट्ट्याच्या जवळ. भरलेला दुसरा सिलिंडर औषधवाल्याकडे, आणि औषधवाला पुलापलीकडे. फोन उचलला, मुका. रेडिओची बॅटरीही सकाळपासून वापरात, तीही उतरत आलेली. घड्याळजी म्हणाले, "दुकानात दुसरी आहे, आणतो. तोवर तुम्ही निरोप पाठवा वहिनी, आवाज जुळलेला आहे, कशालाही हात लावू नका." आणि तो कापऱ्या हातांचा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरला.

मी एकटी. माझं बोट जे कधी कापलं नव्हतं ते कापत होतं. मी साचा उघडला, दुसरं मला काही उघडताच येत नाही. लिहिलं, वृद्ध रुग्ण, ऑक्सिजन संपतो आहे, वीज नाही, पाणी घरात, होडी आणि सिलिंडर पाठवा. बेडकं ओरडली. मी श्वास रोखून पडद्याकडे बघत राहिले. आणि तुझं उत्तर उमटलं. तुला माहीत आहे मी घाईत कशी वाचते, शेवटाकडून, एकेक शब्द, बोट ठेवून, आणि हवं ते सापडलं की थांबते. मी शेवटचे दोन शब्द वाचले, 'मिळाला आहे', आणि मला एवढा आनंद झाला ठके, की मी वळून आजोबांचा गालगुच्चा घेतला. म्हटलं, पोरीनं घेतला हो निरोप. येतायत.

त्यानंतरचा वेळ देवानं कुणाला देऊ नये. मी खिडकीत उभी राहून होडीची वाट बघतेय आणि तोंडानं अखंड बडबडतेय. येतीलच, निघालेच असतील, ठकी म्हणजे वाऱ्यासारखी, आत्तापर्यंत होडीवाल्यांच्या मानगुटीवर बसली असेल. आजोबा काही बोलत नव्हते. ते बोलत नाहीत तेव्हा मला भीती वाटते. त्यांनी बोटानं खूण केली, सिलिंडरची चावी कमी कर. म्हणजे काटा जरा जास्त टिकेल. मी कमी केली, आणि त्यांची छाती भात्यासारखी हलायला लागली. खांदे वर, खांदे खाली. ओठांचा रंग जांभळासारखा. मी पुन्हा वाढवायला गेले तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. डोळ्यांनीच नको म्हणाले. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या. आणि होडी कुठं दिसेना. मी बडबडत राहिले, पण माझं मलाच ऐकू येत होतं की आता मी त्यांच्याशी बोलत नाहीय, पाण्याशी बोलतेय.

घड्याळजी आले ते बॅटरी डोक्यावर घेऊन, गळ्यापर्यंत भिजलेले. पहिलंच वाक्य, "गेला का निरोप?" मी म्हटलं, गेला, उत्तरही आलं. ते पडद्यापाशी वाकले. "वहिनी, वर सराव आहे. खाली सराव आहे." आणि तुझं उत्तर त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळं, केंद्राच्या नावापुढच्या पहिल्या शब्दापासून : 'सराव. पुन्हा पाठवण्याची गरज नाही. मिळाला आहे.'

तुला वाटलं आजीनं सकाळचाच काल्पनिक रुग्ण चुकून पुन्हा पाठवला. दुसरं काय वाटणार? तेच शब्द, तोच म्हातारा.

कुणी येत नव्हतं. एवढा वेळ कुणीही निघालेलं नव्हतं. मी आजोबांकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं.

घड्याळजींनी बॅटरी जोडली, साचा पुसून टाकला, म्हणाले टाइप करा, 'सराव नाही'. मी केलं. पण पाठवायचं कुठं? हवा भरलेली होती. मास्तरांच्या खोट्या आगीला खोटे बंब हवे होते. नर्सबाईंच्या खोट्या पुलाखाली खोटी माणसं अडकली होती. कुणाला खोटी रक्ताची पिशवी, कुणाला खोटे तंबू. सगळी बेडकं एकामागोमाग एक ओरडताहेत, श्वास घ्यायला थांबत नाहीत, आणि इथं खऱ्या माणसाचा श्वास संपत चाललाय. घड्याळजी डबड्यांवर हात दाबून फट शोधत होते. घड्याळातला केस काढायचे तसे, डोळे मिटून. एकदम म्हणाले, "दाबा!" मी दाबलं.

सराव नाही. सराव नाही. ऑक्सिजन संपला. होडी पाठवा.

मग एक क्षण काही नाही. आणि पडद्यावर तुझी अक्षरं आली. नियमाप्रमाणे आधी केंद्राचं नाव यायला हवं होतं. ते आलं नाही. एकच शब्द आला. 'आजी?'

आणि हवा गप्प झाली, ठके. मास्तरांची आग विझली, नर्सबाईंचा पूल जिथल्या तिथे राहिला. इतकी केंद्रं होती, एकानंही चकार शब्द काढला नाही. घड्याळजींनी डबडी काढून माझ्या कानाला लावली. नुसता पावसासारखा खरखर आवाज, बाकी काही नाही. सगळ्यांनी आमच्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. मी टाइप केलं, होय. तू विचारलंस, किती माणसं, कुठली बाजू, होडी कुठल्या खिडकीला लावायची. मी एका बोटानं उत्तरं दिली. भीती तेवढीच होती, पण त्या भीतीत आता मी एकटी नव्हते.

पुढचं तू त्या टोकाकडून जाणतेस. रबरी होडी आली, दोघं जण खिडकीतून आत आले, सिलिंडर लावला, आजोबांना गादीसकट उचललं. होडीत डोळे उघडल्यावर त्यांनी होडीवाल्याला काय सांगितलं ठाऊक आहे? नळी बाजूला करून, कसंबसं, "सांभाळून रे. काल्पनिक रुग्ण आहे. सांडेल." तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

तुला मात्र हसू आलं नाही. दवाखान्याच्या दारात तू उभी होतीस, आत यायलाच तयार नव्हतीस. म्हणालीस, "आजी, मी वाचलं होतं गं. मी वाचलं आणि गरज नाही असं लिहिलं." मी तुला जवळ ओढायला गेले तर माझ्या हातातून सुटलीस. आणि तेव्हापासून सुटलेलीच आहेस. तुझ्या आईकडून कळलं की तू टेकडीवरची किल्ली परत दिलीस. आम्हाला दोघांना तिकडे तुझ्या त्या दोन खोल्यांत हलवायचा घाट घातलायस तो वेगळाच. आजोबा म्हणतात, तिथं गेलो तर मी कंटाळ्यानं मरेन, ते काल्पनिक नसेल.

मी शिकलेली नाही, पण एक सांगते. तू तेव्हा जे केलंस ते बरोबर केलंस. ज्यावर सराव लिहिलंय ते सरावच धरायला हवं. नाहीतर त्या सकाळी होड्या मास्तरांच्या खोट्या आगीमागे फिरल्या असत्या आणि आम्हाला एकही उरली नसती. आणि दुसरं. ती हवा जी गप्प झाली ना, ती आपोआप नाही झाली. खरा निरोप आला की सगळ्यांनी तोंड मिटायचं, हे रविवारमागून रविवार तूच त्यांच्याकडून घोटून घेतलं होतंस. मास्तर नंतर भेटायला आले होते, आजोबांसाठी संत्री घेऊन. म्हणाले, "काकू, 'सराव नाही' दिसलं आणि माझा हात बटणावरून आपोआप उचलला गेला. विचार करायला वेळच लागला नाही." तू हे फक्त त्या एका उत्तरापुरतं मोजतेस. मी त्यानंतरची गप्प हवाही मोजते. आजोबा त्या गप्प हवेत वाचले.

पण मला भीती वाटते, हे खोटं नाही. तुला बरं वाटावं म्हणून मी शूर असल्याचं सोंग आणणार नाही. दिवा नुसता लुकलुकला तरी मी सिलिंडरकडे धावते. रविवारी कॉम्प्युटर उघडला की आधी वर बघते, मग खाली बघते, मग पुन्हा वर. साचा घड्याळजींनी काढूनच टाकलाय. आता मी सराव हा शब्द दोन्ही वेळा हातानं टाइप करते, आणि तीन अक्षरं टाइप करताना मला घाम फुटतो. आजोबा झोपले की त्यांच्या छातीकडे बघत बसते. हलतेय ना? हलतेय.

आणि आता ज्यासाठी कागद काळा केला ते. घड्याळजी काल मुलाकडे राहायला गेले. मुलगा येऊन घेऊन गेला, हात फारच कापायला लागले होते, चहाचा कप धरवेना. जाताना रेडिओ आमच्याकडेच ठेवून गेले. पण लायसनवाला माणूस नसेल तर रेडिओ म्हणजे नुसतं कपाट, त्याला तोंड उघडायची परवानगी नाही. म्हणून तुझ्या मागे आम्ही एक कट केला होता. गेले काही महिने घड्याळजी मला शिकवत होते आणि आजोबा पलंगावरून प्रश्न विचारत होते, दर प्रश्नाला दम खात. मी परीक्षेला बसले, ठके. त्या हॉलमध्ये सगळी पोरंटोरं, मला वाटलं कुणी तरी विचारेल आजी कुणाला सोडायला आलात. काठावर पास झाले, अगदी काठावर, पण पडले नाही. कागद आला आहे. त्यावर रेडिओवर सांगायचं माझं हवेतलं नाव आहे, माझं एकटीचं. तर येत्या रविवारी आवाज जुळवायला कुणी नसेल, कानाला डबडी मीच लावणार आणि बटण मीच दाबणार, आणि नदी तोवर कुठवर आलेली असेल कोण जाणे. मला घड्याळजींसारखी फट सापडेल की नाही, ठाऊक नाही. पाण्याला मी फारशी भीत नाही आता, ते दिसतं तरी. मला भीती वाटते ती बटण दाबल्यानंतरची. समोरून काही उमटेपर्यंत जो वेळ जातो ना, त्याची. तू किल्ली परत माग. तुझी खुर्ची त्या भल्या माणसाकडून परत घे. तू चुकणार नाहीस म्हणून नाही. चुकशील, मीही चुकेन, आणि मग आपण दोघी मिळून ते निस्तरू. पण तो वेळ मला एकटीला काढायला लावू नकोस.

अनेक आशीर्वाद. आजोबांचेही, दम खाऊन खाऊन.

तुझीच,
थरथरत्या बोटाची, पण आता लायसनवाली,
आजी